रामपुरीचा फोटो काढताना...

हिंदी सिनेमातला खलनायक खिशातून काय काढतो? पिस्तूल फार पुढे आलं. त्याआधी कित्येक वर्षं तो काढायचा रामपुरी! 'खट्' असा आवाज, पात्यावर चमकलेला झोत आणि पाठोपाठ थिएटरात पसरलेली शांतता... १९६५च्या 'वक्त'मध्ये राजकुमारनं मदन पुरीच्या चाकूची जी संभावना केली, तिच्यावर आजही टाळ्या पडतात. मुंबईच्या स्टुडिओंनी हा चाकू देशभर नेला. मराठीत तर 'रामपुरी' एवढं म्हटलं, की पुढे 'चाकू' म्हणायचीही गरज उरली नाही. गावाचं नाव वस्तूला चिकटावं, हा तसा मान. पैठणीला मिळाला, कोल्हापुरीला मिळाला. पण पैठणी म्हटल्यावर माग आठवतो, कोल्हापुरी म्हटल्यावर चांभारवाडा; आणि रामपुरी म्हटल्यावर आठवतो तो गळ्यात रुमाल बांधलेला गुंड. चाकू ज्यानं घडवला, तो कुणाला आठवत नाही.

यात बराचसा वाटा कॅमेऱ्याचा आहे. सिनेमाचा कॅमेरामन चाकूवर एकच कडक झोत टाकतो आणि बाकी सारा अंधार ठेवतो. पातं पांढरंफेक चमकतं, बघणारा दचकतो. काम फत्ते! पण मूठ असते खलनायकाच्या मुठीत झाकलेली. म्हणजे कारागिराची सर्वांत जास्त मेहनत जिथे असते, तो जोड, ती कमान, मुठीवरचं कोरीव काम, हे पडद्यावर कधी येतच नाही.

हातानं घडवलेल्या चाकू-सुऱ्यांचे फोटो काढण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. कुर्गची चांदीच्या मुठीची पिचेकत्ती झाली, कच्छमधल्या अंजारच्या सुड्या-चप्पू झाले, घरोघरचे जुने अडकित्ते झाले. रामपुरी राहिला होता. तो राहिला होता म्हणूनच सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरल्यावर, रामपूरला उतरलो.

तसं पाहिलं तर हजारो मराठी प्रवासी रामपूरवरूनच पुढे जातात. दिल्लीहून नैनितालला जाणारी काठगोदाम शताब्दी मुरादाबादनंतर रामपूरला थांबते. बहुतेकांना त्या वेळी चहा आणि पुढचा डोंगर यांचीच ओढ असते. दिल्लीपासून रस्त्यानं हे अंतर १९० किलोमीटरच्या आसपास. मुरादाबाद, म्हणजे पितळेचं गाव, इथून जेमतेम तासाभरावर. ही शेजारीण चाकूच्या धंद्याला फार उपयोगाची. कारण रामपुरीची मूठ बहुधा पितळेची.

रामपूर हे रोहिला पठाणांचं संस्थान. १७७४ मध्ये नवाब फैजुल्ला खान यांनी स्थापलेलं आणि १९४९ मध्ये भारतात विलीन झालेलं. किल्ल्याच्या आवारातली रझा लायब्ररी पाहण्यासाठी एक आख्खा दिवस राखून ठेवा. सुमारे १७ हजार हस्तलिखितं तिथे जपलेली आहेत आणि १९७५ मध्ये संसदेनं खास कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. ज्या हमीद मंझिलमध्ये ती आहे, ती बांधणाऱ्या नवाब हमीद अली खान यांच्याशी आपलं मराठी माणसांचंही एक नातं आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी याच नवाबांचा गंडा बांधला आणि रामपूरच्या घराण्यातल्या जपून ठेवलेल्या चिजा मिळवल्या. मुंबईचा वकील रामपूरच्या नवाबाचा शागीर्द होतो, ही गोष्ट 'रामपुरी' या शब्दाबरोबर आठवायला हवी होती. पण सिनेमापुढे संगीतशास्त्राचं काय चालणार?

गावात शिरण्यापूर्वीच एक गंमत दिसते. नैनिताल रस्त्यावरच्या एका चौकात २० फुटी चाकू उभा आहे! २०२३च्या मार्चमध्ये या 'चाकू चौराहा'चं उद्घाटन झालं. पितळ आणि पोलाद वापरून केलेला हा चाकू साडेआठ क्विंटल वजनाचा असल्याचं सांगतात. येणारेजाणारे गाडी थांबवून सेल्फी काढतात. मीही एक फोटो काढला, अर्थात आठवण म्हणून. कारण इतक्या मोठ्या चाकूत कारागिरी दिसत नाही; दिसते ती हौस. आणि मौज अशी, की १९९०च्या दशकाच्या मध्याला याच उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर बंदी आली, तेव्हापासून रामपुरीचा बाजार उतरणीला लागला. गावातल्या माणसानं पाच इंची पातं घडवायचं नाही आणि चौकात मात्र २० फुटी! एका दुकानदाराला मी हे म्हणून दाखवलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "वो तो बंद नहीं होता ना, भाईसाहब!" खरंच आहे. चौकातला चाकू मिटत नाही, म्हणून तो कुणाला भीतीही घालत नाही.

चाकूच्या बाजारात आता मोजकी दुकानं उरली आहेत. पूर्वी ओळीनं दुकानं होती, असं सगळेच सांगतात. आज त्यातल्या कित्येकांत स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, कात्र्या आणि बाहेरून आलेला स्वस्त यंत्राचा माल दिसतो. त्याच्यावरही 'रामपूर' असा छाप असतो! राज्य सरकारच्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेतही रामपूरचं नाव लागलं ते पॅचवर्क आणि जरीकामासाठी. त्या बायकांचं काम सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण चाकूवाला तिथेही मागेच राहिला.

बाजारामागच्या गल्लीत एका वृद्ध कारागिराचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली, दक्षिणेकडे उघडणारं एकच दार. सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांच्याबरोबर काम करणारा पुतण्या पंचविशीतला. तो त्यांना 'चचा' म्हणतो आणि मोबाइलवरून गिऱ्हाइकं शोधण्याचं खातं सांभाळतो. फोटो काढायचे आहेत म्हटल्यावर उस्तादांनी पहिली अट घातली. चेहरा येता कामा नये. आणि दुसरी, उघडा चाकू मुठीत धरलेला फोटो नको. "लोक फोटो आधी बघतात, पाटी नंतर वाचतात," ते म्हणाले. आयुष्यभर कायद्यानं वागलेल्या माणसाला ही काळजी करावी लागते, एवढ्यावरून ओळखा.

आधी दोन दिवस मी कॅमेरा बाहेर काढलाच नाही. नुसतं काम पाहिलं. ज्याला चाकूचा फोटो काढायचा आहे, त्यानं आधी चाकू होताना पाहायला हवा, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर कशाकडे बघायचं हेच कळत नाही.

पोलाद येतं भंगारातून, ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांचं. कोळशाच्या भट्टीत पट्टी लाल होते, ऐरणीवर घणाचे ठोके पडतात आणि पात्याचा ढोबळ आकार निघतो. पुढचं सगळं काम कानशीचं. मग पातं तापवून त्याला पाणी देतात. पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं असतं, हातातून पडलं तर तुकडा उडेल. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरायचं आणि रंगाकडे बघत बसायचं. घासून उजळलेल्या पोलादावर आधी फिका पिवळा रंग चढतो, वाळल्या गवतासारखा. पात्याला तिथेच थांबवायचं, म्हणजे धार टिकते. कमानीला मात्र आणखी तापवायचं. तपकिरी, जांभळा असं करत निळा रंग आला, की बाहेर! निळी झालेली कमान वाकते आणि परत सरळ होते. पाच-दहा सेकंदांचा खेळ. उस्तादांकडे थर्मामीटर नाही. दाराचा एक पट लोटून ते अर्धा अंधार करतात, कारण भर उजेडात हे रंग फसवतात.

आणि मग जोड. मिटणाऱ्या चाकूचं सारं मर्म इथे आहे. पात्याचं मूळ एका खिळ्याभोवती फिरतं. त्या मुळाच्या गोलाईवर दाते कापलेले असतील, तर त्याला म्हणतात गरारी. चाकू उघडताना कमान एकेका दात्यावरून उडी मारते आणि कट्-कट्-कट् असा आवाज येतो. सिनेमानं हाच आवाज भीतीसाठी वापरला. उस्ताद तो कान देऊन ऐकतात, आपल्याकडे तबला लावणारा गाबावर बोट मारून ऐकतो तसा. एखादा ठोका बोदा आला, की त्या दात्यावर कानस. पुतण्यानं सांगितलं, की लांबीचं बंधन आल्यापासून गरारीचा माल फारसा कुणी मागत नाही. आता साधा खाचेचा जोड चालतो. उस्ताद यावर काही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी कॅमेरा काढला.

चकचकीत पात्याचा फोटो काढून बघितलाय कधी? घरातली स्टीलची सुरी टेबलावर ठेवा आणि मोबाइलनं फोटो काढा. काय दिसतं? एक पांढरा डाग, ट्यूबलाइटची वेडीवाकडी रेघ आणि मध्ये तुमचा स्वतःचा काळा हात! कारण उजळलेलं पोलाद म्हणजे आरसा. आरशाचा फोटो निघत नाही, आरशात जे दिसतं त्याचा निघतो. म्हणून चाकूवर किती दिवे लावले याला काही अर्थ नाही. चाकूला समोर काय दिसतंय, हे सजवायचं. फ्लॅश तर बंदच ठेवायचा. सिनेमातल्या त्या कडक झोताचंच ते धाकटं भावंडं.

उस्तादांच्या खोलीतला ट्यूबलाइट मी आधी बंद करायला लावला. दारातला उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले, की पितळ हिरवट होतं आणि पोलाद कुठलंच राहत नाही. दारातून ऊन येत होतं. त्यावर उपाय म्हणजे पांढरी चादर. पुतण्या घरातून एक घेऊन आला, दाराच्या चौकटीला चार खिळ्यांवर ताणून बांधली आणि बघताबघता ती कळकट खोली दुधासारख्या उजेडानं भरून गेली. समोरच्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा केला. एवढाच माझा स्टुडिओ! पार्श्वभूमीला काय ठेवायचं, यावर थोडी चर्चा झाली. पुतण्याचं म्हणणं लाल मखमल. दुकानातल्या शोकेसमध्ये तीच होती. पण लाल कापड पात्यात उतरतं आणि पातं रक्तानं माखल्यासारखं दिसतं. जे टाळायला आलो, तेच पुन्हा. उस्तादांच्याच कामाचा लाकडी ठोकळा उलटा करून घेतला. वर्षानुवर्षांच्या कानशीच्या धुळीनं तो छान करडा झाला होता.

पातं मऊ सुती फडक्यानं पुसायचं आणि पुन्हा बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा डोळ्याला दिसत नाही, फोटोत मात्र गालावरच्या डागासारखा उठून दिसतो. शिवाय आपल्या घामातल्या मिठानं साध्या पोलादावर चोवीस तासांत गंज धरतो. कॅमेरा तिकाटण्यावर. छिद्र बारीक, एफ ११ किंवा १६, म्हणजे टोकापासून मुठीपर्यंत सगळं स्वच्छ येतं. उघडझाप अर्थातच मंद होते, म्हणून हातात धरून चालणार नाही. मोबाइल असेल तर तो पेल्याला टेकवून ठेवा, दोन पावलं मागे सरका आणि दुप्पट झूम वापरा. अगदी जवळ नेलात, तर मूठ गदेएवढी आणि टोक टाचणीएवढं दिसेल.

आता खरी गोष्ट. चादरीचा पांढरा उजेड पात्यावर पडला, की मी चाकू केसभर, अगदी केसभर, कलता करतो. पात्याचा सपाट भाग पांढरा होतो आणि धारेकडे उतरणारा भाग करडाच राहतो, कारण तो दुसरीकडे बघत असतो. दोहोंच्या मध्ये एक रेघ उमटते. ती रेघ म्हणजे कारागिराची सही. यंत्रावर घासलेल्या स्वस्त चाकूत ती कधी भरकटते, कधी पुसट होते. चांगल्या हाताची रेघ मुठीपासून निघते ती टोकाला जाऊन मिळेपर्यंत डगमगत नाही. ती अधिक ठळक व्हावी म्हणून मी काळ्या पुठ्ठ्याची एक पट्टी धारेच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर धरली. काळ्याचं प्रतिबिंब धारेत उतरलं आणि रेघ वर उठली. दुसरी परीक्षा याहून सोपी. थर्माकोलची सरळ कड पात्याच्या सपाटीत पडू द्यायची. कड सरळ दिसली तर सपाटी खरी. पाण्यात हलल्यासारखी दिसली, तर कानस कुठेतरी दबली.

हे मी मोठ्या ऐटीत समजावून सांगत होतो. उस्ताद ऐकून घेत होते. मग त्यांनी शेजारचं एक अर्धवट पातं उचललं, डोळ्याजवळ धरलं आणि दाराच्या चौकटीकडे तोंड करून सावकाश कलतं केलं. मलाही बघायला लावलं. पात्यात चौकटीचा उभा खांब दिसत होता, आणि एका जागी त्याला किंचित पोट आलं होतं. त्यांनी तिथे अंगठा टेकवला, पातं शिकंज्यात अडकवलं, कानशीचे सात-आठ हात मारले, पुन्हा दारासमोर धरलं. खांब सरळ! "पन्नास साल से यही देख रहे हैं, जनाब," एवढंच म्हणाले. दार दक्षिणेला का आणि त्याच्या चौकटीला कधी रंग का दिला नाही, तर उन्हाच्या उजेडात काळा, सरळ खांब दिसावा म्हणून! मी जी युक्ती फोटोग्राफीची म्हणून मिरवत होतो, ती लोहारकामातली फार जुनी युक्ती आहे. फोटो फक्त ती इतरांना दाखवतो.

मुठीचं गणित वेगळं. पितळेवर वेलबुट्टी कोरलेली असते, ती समोरच्या उजेडात सपाट होऊन जाते. संध्याकाळी तिरप्या उन्हात जमिनीवरचा प्रत्येक खडा सावली टाकतो ना, तसा उजेड आडवा यायला हवा. चादरीचा वरचा भाग मी झाकला, खालून एक फट ठेवली आणि छिन्नीचा एकेक घाव उठला. कुठे छिन्नी खोल गेली, कुठे हलकी, कुठे हात थांबून पुन्हा सुरू झाला, सगळं वाचता येऊ लागलं. एका मुठीला म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या होत्या. शिंगावरची चकाकी पोलरायझर फिल्टर फिरवला की जाते आणि आतले काळे-तपकिरी पदर दिसतात. धातूच्या चकाकीवर मात्र या फिल्टरचा काही उपयोग नाही, हे लक्षात ठेवा. विनाकारण पैसे घालू नका.

सर्वांत शेवटी घेतला जोडाचा फोटो. चाकू अर्धा उघडा, पाठीकडून. मागे कोरा पांढरा कागद, जेणेकरून पातं, कमान आणि मुठीचे दोन्ही पट यांच्यामध्ये कुठे फट असेल तर तिथून उजेड डोकावेल. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो भाग दहापट मोठा करून उस्तादांपुढे धरला. चष्मा लावून ते बराच वेळ बघत राहिले. मग बोटानं एक जागा दाखवली. कमान आणि पात्याच्या मुळाच्या मध्ये उजेडाची एक तार. केसाहूनही बारीक. मला ती दिसलीही नव्हती.

चाकू त्यांनी माझ्यापुढून उचलला. खिळा काढला, जोड सोडवला. पुतण्या म्हणाला, "चचा, गिऱ्हाईक कुठे कागद मागे धरून बघतं? फोटो तर आला ना छान?" उस्तादांनी उत्तर दिलं नाही. दीड तास कानस चालली. चादरीवरचं ऊन सरकून भिंतीला गेलं. मी चहा पिऊन आलो, हब्शी हलव्याचा एक डबा घेऊन आलो. (रामपूरला जाऊन हा हलवा आणला नाही तर घरचे विचारतील! दूध आणि तूप आटवून केलेला काळसर, जड गोळा. दोन घासांत पोट भरतं.) परत आलो तेव्हा चाकू पुन्हा ठोकळ्यावर होता. "आता काढा," ते म्हणाले. या वेळी कागद मागे असूनही जोड काळाकुट्ट दिसला. कुठेही तार नाही.

पुतण्याचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही, हेही सांगायला हवं. त्याला दुकान चालवायचं आहे. त्याच्या मोबाइलवर त्यानं काढलेले फोटो मी पाहिले. अंधार, एक टॉर्च, तिरपं चमकणारं पातं. थेट सिनेमा! त्याला रोज विचारणा येतात त्या असे फोटो बघूनच. "लोकांना रामपुरीकडून हेच पाहिजे," तो म्हणतो. "जोडाचा फोटो टाकला तर विचारतात, हे काय मशीनचा पार्ट आहे का?" त्याला मी एवढंच सुचवलं, की सिनेमाचा फोटो बघून येणारा माणूस चाकू घेतो आणि किमतीवर घासाघीस करतो, कारण त्याला तीनशेचा यंत्राचा चाकूही तितकाच चमकताना दिसतो. चार दिवसांची मजुरी मागायची असेल, तर चार दिवसांचं काम दिसायला हवं. त्यानं मान हलवली. पटलं असेल असं नाही.

हे वाचून कुणाला रामपुरी विकत आणावासा वाटला, तर कायद्याचं भान ठेवा. देशाच्या शस्त्र नियमांप्रमाणे घरगुती, शेतीच्या वगैरे उपयोगाचे सोडून नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू परवान्याशिवाय बाळगता येत नाही. उत्तर प्रदेशातलं बंधन वर सांगितलंच. आणि आपली परतीची वाट बहुधा दिल्लीवरून. तिथे बटणाच्या, गरारीच्या चाकूंबाबत १९८०च्या अधिसूचनेपासून आणखी कडक नियम आहे, ७.६२ सेंटीमीटर म्हणजे जेमतेम तीन इंच लांब आणि १.७२ सेंटीमीटर रुंद पात्यापासूनच तो लागू होतो. विमानात हातातल्या सामानात कुठलाच चाकू चालत नाही. मी स्वतः भाज्या चिरायची एक साधी सुरी घेतली, शिंगाच्या मुठीची. गरारीचा चाकू रामपुरातच राहिला आणि त्याचा फोटो तेवढा घरी आला. खरं तर या चाकूला आता बाहेरगावी जायचं, तर फोटोतूनच जाता येईल, अशी वेळ आली आहे. म्हणून तो फोटो धड काढायला हवा.

सराव करायला रामपूरला जायलाच हवं असं नाही. आजीचा अडकित्ता असेलच कुठेतरी कपाटात. सकाळी नऊच्या सुमारास खिडकीला पांढरा पंचा बांधा, अडकित्ता करड्या पुठ्ठ्यावर ठेवा, समोर कोरा कागद उभा करा आणि मोबाइल कशाला तरी टेकवून, फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्या. पांढरं जास्त असलं की फोटो काळवंडतो, म्हणून पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा. घोड्याचं किंवा मोराचं तोंड केलं असेल, तर आडव्या उजेडात त्याचे डोळे कसे उघडतात ते बघा. मग दोन्ही पात्यांच्या मधला खिळा जवळून टिपा. सत्तर-ऐंशी वर्षांत तो किती ढिला झालाय? बहुतेक झालेला नसतो.

परत आल्यावर मी निवडक फोटोंच्या मोठ्या प्रिंट काढून रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. पुतण्याचा फोन आला. आख्ख्या चाकूचे फोटो त्यानं ठेवून घेतले होते. उस्तादांनी फक्त दोन घेतले होते. एक जोडाचा, आणि दुसरा त्यांच्या हातांचा, कानस धरलेल्या. जोडाचा फोटो ऐरणीच्या वर भिंतीला लावला आहे म्हणे, आणि नवीन जोड झाला की तो त्याच्याशेजारी धरून पाहतात. नंतर उस्ताद स्वतः फोनवर आले. पुन्हा कधी येणार, असं विचारलं. डिसेंबरात येतो म्हटलं.

"डिसेंबरात नको," ते म्हणाले. "तेव्हा इकडे धुकं असतं. नोव्हेंबरच्या शेवटी या. ऊन तेव्हा खाली उतरतं, थेट ऐरणीपर्यंत येतं. चादर मोठी लागेल."